हळद निघाल्यावरचे रोडगे

नांदेडहून वसमतकडे येणारा रस्ता फाल्गुन-चैत्रात डोळे मिटूनही ओळखता येतो. गाडीची काच थोडी खाली केली की शिजलेल्या हळदीचा ओलसर, मातकट, किंचित तिखट वास आत येतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, मोकळ्या माळावर, घरांच्या गच्च्यांवर, कधी शाळेच्या पटांगणातही पिवळी हळकुंडे वाळत पडलेली असतात. बाहेरगावचा पाहुणा ते पाहून हरखतो. आम्हा वसमतकरांना त्या वासाने एवढेच कळते, की वर्ष हाती आले.

मी या गावात गेली सव्वीस वर्षे वैद्यकीय व्यवसाय करतो. बसमत, वसमत, वसमतनगर अशी तिन्ही नावे कागदोपत्री भेटतात. माणसे मात्र वसमतच म्हणतात. 1 मे 1999 रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि आम्ही हिंगोलीकर ठरलो. येलदरी आणि सिद्धेश्वर या धरणांतून पूर्णा नदीचे पाणी कालव्यांनी या शिवारात फिरले, त्यामुळे इथे ऊस आला, केळी आली आणि हळद तर अशी रुजली की 2024 साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. गावात हळदीचे संशोधन आणि प्रशिक्षण केंद्रही आहे. मोंढ्यात हळदीचा लिलाव चालू असला की माझ्या दवाखान्यातील गर्दी ओसरते आणि भाव पडला की रक्तदाब तपासून घेणारे वाढतात. हे मी विनोदाने लिहीत नाही.

हळदीचे पीक संयमाची परीक्षा पाहणारे. जूनच्या आगेमागे लावलेले बेणे साधारण नऊ महिन्यांनी खणायचे. आधी पाला कापायचा, मग जमीन उकरून कंद काढायचे, जेठे गड्डे आणि हळकुंडे वेगळी करायची, ती शिजवायची, पंधरा दिवस उन्हात वाळवायची आणि शेवटी ढोलात घालून घासून चकाकी आणायची. पूर्वी मोठ्या काहिलीत पाणी उकळून हळद शिजवत. खाली पाचट आणि लाकडे ढणढणत असत. आता वाफेवर चालणारे कुकर आले आहेत. एका दिवसात पूर्वीच्या चौपट काम उरकते. पण शेवटचा घाणा उतरला की करायची गोष्ट आमच्या घरी बदललेली नाही. शेतातल्या मारोतीला रोडग्यांचा नैवेद्य दाखवायचा आणि ज्यांनी ज्यांनी या पिकाला हात लावला त्या सगळ्यांना आंब्याखाली जेवू घालायचे.

माझी भाची अमेरिकेत न्यू जर्सीला असते. तिकडे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी ‘थँक्सगिव्हिंग’ असते, सुगी हाती आल्याबद्दल आभार मानायचे, नातलगांनी एकत्र जेवायचे. तिच्या घरी त्या दिवशी टर्कीऐवजी भरली वांगी आणि मसालेभात असतो. तिने मला एकदा फोनवर विचारले, “मामा, आपल्याकडे असं काही असतं का?” मी म्हणालो, “अगं, तू लहानपणी ज्या जेवणात राखेने फ्रॉक काळा करून घेतला होतास, ते काय होतं?” ती क्षणभर गप्प झाली आणि मग म्हणाली, “रोडगे!”

ज्यांनी रोडगे पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. गव्हाचे पीठ जरा रवाळ दळून आणायचे. त्यात मीठ, ओवा, चिमूटभर हळद आणि तेलाचे कडकडीत मोहन घालून ते घट्ट भिजवायचे. मग जाडसर पाऱ्या लाटून प्रत्येकीला तेलाचे बोट फिरवायचे, एकावर एक ठेवून शेवटच्या पारीत सगळ्या गुंडाळायच्या आणि मुठीपेक्षा मोठा गोळा वळायचा. बाहेर गोवऱ्यांचा आर तयार होत असतो. ज्वाळा पूर्ण शमल्या, गोवऱ्या लालबुंद झाल्या आणि त्यांवर पांढरी राख चढली की गोळे त्यात सोडायचे. पाऊण तासभर उलटसुलट करीत राहायचे, मग गरम राखेत पुरून ठेवायचे. बाहेर काढल्यावर गोणपाटात किंवा जाड फडक्यात घोळून राख झटकायची. फोडला की आतून पदर सुटतात आणि वाफ तोंडावर येते. बरोबर तुरीचे साधे वरण आणि काळ्या मसाल्याची वांग्याची भाजी, ती चुलीवर मोठ्या पातेल्यात शिजलेली. तोंडी लावायला कांदा, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. गोडाला निराळे काही करायचे नाही. रोडगा हातानेच कुस्करायचा आणि त्यात गूळ व तूप कालवायचे.

रोडगे भाजणे हे आमच्याकडे पुरुषांचे काम. वर्षभर चहाचा कपही न विसळणारी माणसे त्या दिवशी डोळे लाल करून आरापाशी बसतात आणि आपलाच रोडगा कसा फुटला नाही ते सांगतात. बायका वांगी चिरतात, वरणाला फोडणी देतात, आणि हसतात.

जेवण मात्र उशिराच. पाहुणे सकाळी दहापासून जमतात. आलेल्याला आधी सुशीला मिळते. मुरमुरे भिजवून, पिळून, कांदा, मिरची, हळद, शेंगदाणे आणि डाळ्याचे पीठ घालून परतलेला हा आमच्या भागातला नाश्ता पोह्यांपेक्षा हलका. दात नसलेल्यांनाही चालतो, मात्र त्यातले शेंगदाणे वगळावे किंवा कूट घालावे. उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा असतात. कैरीचे पन्हे असते, माठातले ताक असते. मुलांच्या गळ्यात पाडव्याच्या साखरगाठी अजून लोंबत असतात. नैवेद्य होईपर्यंत असेच चालते, आणि नैवेद्य दुपारी दोनच्या आत झाल्याचे मला आठवत नाही.

याच उशिराने तीन वर्षांपूर्वी माझ्या आईच्या जिवावर बेतले होते.

आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. वीस वर्षांचा मधुमेह. सकाळी नाश्त्यापूर्वी ग्लिमेपिराइडची एक गोळी आणि दोन वेळा मेटफॉर्मिन, हे मीच लिहून दिलेले. त्या शनिवारी तिने साडेसातला नेहमीप्रमाणे गोळी घेतली, अर्धा कप चहा घेतला आणि गाडीत बसली. नैवेद्य दाखवल्याशिवाय ती अन्न तोंडात घालत नाही, हे मला जन्मापासून ठाऊक होते. ती गोळी पोटात अन्न असो-नसो दिवसभर साखर खाली ओढत राहते, हे मला शिकवलेले होते. या दोन गोष्टी मी कधी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. वयस्क रुग्णांना मी ‘पथ्य पाळता का’ म्हणून रोज विचारतो. ‘उपास कोणत्या वारी असतो, नैवेद्याआधी खाता का’ असे विचारण्याची सवय मला नव्हती.

दीडच्या सुमारास ती माझ्या वहिनीवर उगाच चिडली. मग गप्प बसली. कपाळावर घाम होता, पण चैत्रातल्या उन्हात घाम कुणाला येत नाही? मी चार पावलांवर आंब्याखाली बसून व्यापाऱ्यांच्या गप्पा ऐकत होतो. माझी चौदा वर्षांची पुतणी पळत आली आणि म्हणाली, “काका, आजी मला आत्याचं नाव घेऊन बोलावतेय, आणि पाण्याचा तांब्या तिच्या हातात राहत नाही.”

माझी बॅग गाडीत होती आणि गाडी पाऊण किलोमीटरवर, डांबरी रस्त्याला. साखर तपासण्याचे यंत्र त्या बॅगेत. आई शुद्धीवर होती, गिळू शकत होती, म्हणून नैवेद्याच्या ताटातलाच गूळ पाण्यात कालवून मी तिला घोटाघोटाने पाजला. बॅग आली तेव्हा दहा मिनिटे उलटून गेली होती. गूळपाणी पोटात जाऊनही साखर 58 निघाली. त्याआधी किती असेल, याचा हिशेब मी आजवर केलेला नाही. तिला वसमतला आणून रात्रभर सलाईनवर ठेवावे लागले. कारण या जातीच्या गोळ्यांनी उतरलेली साखर एकदा वर आली तरी काही तासांनी पुन्हा उतरू शकते. साखरपाणी दिले, बरे वाटले, आता घरी जाऊ, असे या बाबतीत करू नये. पहाटे ती पूर्ण भानावर आली आणि मला म्हणाली, “डॉक्टर, तुझी गोळी पोटात गेली, पण भाकर नाही गेली.”

तिने मला त्याआधी कधीच ‘डॉक्टर’ म्हटले नव्हते.

वाचकांपैकी जे वृद्ध आईवडिलांची काळजी घेतात त्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की म्हातारपणी साखर उतरल्याची चिन्हे पुस्तकातल्यासारखी येतीलच असे नाही. थरथर, घाम, भूक ही तरुणांची लक्षणे. वृद्धांमध्ये नुसता चिडचिडेपणा, असंबद्ध बोलणे, सुस्ती, चालताना झोक जाणे एवढेच दिसते आणि घरचे म्हणतात, ‘वय झालं’, ‘ऊन लागलं’. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे छातीतली धडधड आणि थरथरही झाकली जाते. अशा वेळी यंत्र हाताशी असेल तर तपासावे, नसेल तर वाट पाहू नये. माणूस शुद्धीवर असून गिळत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. साखर 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेवढेच द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवावे आणि दवाखाना गाठावा.

त्यानंतरची दोन वर्षे आईला शेतात नेले नाही. निर्णय माझा. भाऊ, वहिनी, बहीण सगळ्यांनी तो मानला. डॉक्टरचा शब्द म्हटल्यावर कोण बोलणार? रोडगे मात्र तिच्यासाठी स्टीलच्या डब्यातून घरी येत. थंड, कडक झालेले, एका बाजूला वरण सांडलेले. पहिल्या वर्षी तिने एक घास खाल्ला. दुसऱ्या वर्षी डबा न उघडता कामवाल्या बाईंना दिला. ती तक्रार करीत नव्हती, हेच मला बोचत होते. त्या वर्षभरात तिचे वजन चार किलोंनी उतरले. साखरेचे आकडे उत्तम होते. मी ते आकडे पाहून समाधानी व्हायचो आणि ती खिडकीतून समोरच्या गच्चीवरची हळद पाहत बसायची.

वृद्धांच्या आहाराचा विचार करताना आपण काय काढून घ्यायचे याची यादी आधी करतो. मीठ काढा, साखर काढा, तूप काढा, बाहेर जाणे काढा. हे काढून टाकणे सोपे असते, कारण त्यात कुणाला काही करावे लागत नाही. मी स्वतः ते केले.

या वर्षी फाल्गुनात शेवटचा घाणा शिजत असताना आई म्हणाली, “मला न्यायचं नसंल तर तसं सांग. पण दरसाल ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणू नको. माझ्यापाशी पुढची वर्षं किती हायेत, ते तुलाच ठावं.”

मग आम्ही तयारीला लागलो. तिची ती गोळी मी आधीच बदलली होती. साखर एकदम उतरवण्याचा धोका कमी असलेली दुसरी दिली होती. या वयात साखर थोडी वर राहिली तरी निभते, खाली गेलेली निभत नाही, म्हणून तरुणाला लावतो ते कडक माप वृद्धाला लावायचे नसते. (कृपया हे वाचून कुणी आपापल्या गोळ्या बदलू नयेत. सणापूर्वी आठवडाभर आपल्या डॉक्टरांना भेटून एवढेच विचारावे, की ‘त्या दिवशी जेवण उशिरा होईल, गोळी किंवा इन्सुलिन केव्हा आणि किती घेऊ?’ या प्रश्नाला दोन मिनिटे लागतात.) खरा पेच नैवेद्याचा होता. आई आधी खाणार नाही, आणि तिने खावे म्हणून मी हट्ट धरणे मलाच पटत नव्हते. तो सुटला तिच्याचकडून. ती म्हणाली, “देवाला काय बाराला भूक लागते व्हय? माणसं उशिरा उठतात म्हणून देव उपाशी. पहिला आर सकाळीच लावा.” आणि ठरले की एक लहान आर आठ वाजता पेटवायचा, पाच छोटे रोडगे भाजायचे, साडेनऊला मारोतीला दाखवायचे. मोठी पंगत आपली सवडीने. साठ वर्षांची प्रथा एका वाक्यात सरकली. मला ते सुचले नव्हते.

आमचे शेत वसमतपासून फार लांब नाही. कुरुंद्याकडचा टोकाईचा डोंगर उजाडताना धुरकट दिसतो, तिकडे तोंड करून आमच्या बांधावरचा आंबा उभा आहे. पूर्वी बैलगाडीने जात असू. आता चारचाकी थेट बांधापर्यंत यावी म्हणून भावाने पाणंदीवर मुरूम टाकून घेतला. त्याने हातांची खुर्ची आणली, कारण सतरंजीवरून उठताना गुडघेदुखीची माणसे पडतात आणि या वयात खुब्याचे हाड मोडले की सगळे घर मोडते. शेतातल्या खोलीत कमोडची खुर्ची ठेवली. ही गोष्ट बोलायला कुणी धजत नाही, पण अनेक आजीबाई कार्यक्रमाला जाताना सकाळपासून पाणीच पीत नाहीत, का, तर ‘तिथे जायची सोय नसते’. पाणी न पिता चाळीस अंशांच्या उन्हात बसणे आणि रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळी घेतलेली असणे, यातून चक्कर येते, मूत्रपिंडे रुसतात. आडोसा केला की निम्मे औषध झाले.

पिण्याचे म्हणाल तर ताक सगळ्यांत भले. पातळ, ताजे, जिरे-कोथिंबीर लावलेले. मीठ मात्र वाढताना वरून घ्यावे, आधी कालवू नये. पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर मीठ दिवसाला पुरे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि चटणी-पापडासह आपण ते दुपारपर्यंतच ओलांडतो. पन्हे चवीला राजा, पण घरोघरी ते गुळाचा पाक होऊन बसते. आईसाठी वहिनीने कैऱ्या उकडून, गर भरपूर आणि गूळ नावापुरता, वेलदोडा व चिमूटभर सैंधव घालून वेगळे केले. ते तिला आवडले नाही. तिने ते माझ्या हातात दिले आणि ताक घेतले. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून सांगितले आहे, त्यांनी ताक-पन्हेही त्याच मापात धरावे. ते ‘औषधी’ म्हणून मापाबाहेर राहत नाही.

आता मला दरवर्षी विचारला जाणारा प्रश्न. ‘डॉक्टर, साखर नाही, पण गूळ चालतो ना?’ नाही. गुळात खनिजे असतील, पण रक्तात उतरल्यावर तो साखरच असतो. आणि रोडगा? आमच्याकडचा एक रोडगा साधारण दीडशे ग्रॅम पिठाचा. त्याचे पाचशेवर उष्मांक झाले. चार चमचे तूप आणि सुपारीएवढे म्हणता म्हणता लिंबाएवढा झालेला गूळ धरला की एका रोडग्याचे आठशे होतात, आणि पंगतीत दोन खाणारे कमी नाहीत. म्हणून आईसाठी लहान गोळे. निम्मा रोडगा, वाटीभर वरण, वांग्याची भाजी आणि चमचाभर तूप. तूप मी काढले नाही. कोरडा रोडगा वृद्धांच्या घशात अडकतो. लाळ कमी झालेली, कवळी सैल. कुरकुरीत पापुद्रा घशात चिकटतो आणि ठसका लागतो. अर्धांगवायू होऊन गेलेल्यांना, जेवताना वारंवार ठसका लागणाऱ्यांना तर रोडग्याचा कोरडा चुरा देऊच नये. वरचे कडक कवच काढून आतला मऊ भाग गरम वरणात दहा मिनिटे मुरवावा, पूर्ण मऊ एकजीव करावा, माणसाला ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली करून लहान घास द्यावेत, आणि जेवताना बोलायला लावू नये. गप्पा नंतर. जेवल्यावर अर्धा तास आडवे करू नये.

वांग्याच्या भाजीबद्दल मला एकच सांगायचे आहे. ती उरते, आणि ‘शिळी भाजी मुरलेली असते’ म्हणून डब्यात घरी जाते. चैत्रातल्या उष्म्यात शिजलेले अन्न तासाभरावर उघडे राहिले की त्यात जंतू वाढू लागतात. दर वर्षी रोडग्यांच्या दुसऱ्या दिवशी माझ्या दवाखान्यात जुलाबाचे रुग्ण येतात आणि त्यांत आजी-आजोबा जास्त असतात, कारण ताजे मुलांना वाढून उरलेले तेच संपवतात.

माझी धाकटी बहीण लातूरकडे दिली आहे. तिला आमच्या रोडग्यांचे फारसे कौतुक नाही. तिच्याकडचा आभाराचा दिवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. तिकडे त्या दिवशी गावे ओस पडतात, सगळे शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, आत चुना लावलेल्या दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची. जेवायला भज्जी, म्हणजे हिरवी तूर, वाटाणा, पावटा, ओला हरभरा, मेथी, पालक, गाजर, जे जे रानात आले असेल ते बेसन आणि आंबट ताकात एकत्र शिजवलेले. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाची पोळी आणि मडक्यात आंबवलेली ज्वारीची आंबील. बहिणीचे म्हणणे, की म्हाताऱ्या माणसाला तिचे जेवण जास्त मानवते. डॉक्टर म्हणून मला हे कबूल करावे लागते. भज्जी मऊ, डाळी-भाज्यांनी भरलेली. आंबील पोटाला हलकी. थंडीचे दिवस, उन्हाचा त्रास नाही. फक्त वाल-वाटाण्याने पोट फुगणाऱ्यांनी जपून आणि आंबिलीत मीठ हात राखून. पण हे सगळे तिच्या तोंडावर मी मान्य केलेले नाही.

हळदीविषयीही दोन शब्द, कारण वसमतचा डॉक्टर म्हटल्यावर पाहुणे तेच विचारतात. स्वयंपाकातली हळद खुशाल खावी. तेला-तुपात परतलेली आणि मिऱ्यासोबतची अंगी लागते, हे आपल्या फोडणीला केव्हाच ठाऊक होते. पण हळदीतला जो गुणकारी म्हणतात तो कुरकुमिन नावाचा घटक साधारण दोन ते पाच टक्केच असतो आणि शरीरात फार थोडा शोषला जातो. म्हणून त्याच्या तीव्र कॅप्सूल विकल्या जातात. त्या वृद्धांनी मनानेच सुरू करू नयेत. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो आणि काही जणांच्या यकृताला अशा कॅप्सूलमुळे इजा झाल्याचीही नोंद आहे. भडक, डोळ्यांत भरणाऱ्या रंगाची सुटी पूड घेऊ नये. रंगासाठी शिशाचे संयुग मिसळल्याचे प्रकार देशोदेशी उघडकीस आले आहेत. हळकुंडे घेऊन दळून आणलेली बरी. आमच्याकडे ती अवघड नाही.

त्या दिवशी साडेनऊला मारोतीपुढे पाच रोडगे ठेवले. आईने हात जोडले आणि पहिला तुकडा स्वतः न घेता हळद शिजवणाऱ्या टोळीतल्या एका पोराला बोलावून त्याच्या हातावर ठेवला. तो बुजला. “घे, तूच शिजवलीस,” ती म्हणाली. मग खुर्चीत बसून निम्मा रोडगा वरणात बुडवून सावकाश खाल्ला. वीस मिनिटे लागली. वांग्याला मीठ कमी आहे, असे तिने तीन वेळा सांगितले. ते मीच सांगून कमी घालायला लावले होते. वहिनीने माझ्याकडे पाहिले, मी आराकडे.

अकरा ते चार तिला शेतातल्या खोलीत पंख्याखाली झोपवायचे असे माझ्या कागदावर होते. ती तासभर झोपली. उठून परत आंब्याखाली आली आणि पंगतीला तूप वाढायला बसली. खणणीला आलेल्या बायका तिच्यासमोर येऊन ताट धरत होत्या, आणि ती प्रत्येकीला कुणाची कोण ते विचारत होती. एका बाईची सासू दोन वर्षांपूर्वी गेल्याचे तिला तेव्हा कळले. दोघी रडल्या. मग दोघींनी ताक घेतले.

परतताना ती गाडीत झोपली. पदराला राख होती आणि बोटे पिवळी. वाळत घातलेल्या हळकुंडांच्या ढिगापाशी जाऊन कधी बसली होती कोण जाणे. रात्री जेवणानंतर दोन तासांनी मी साखर तपासली. 212 होती.

“किती?” तिने विचारले.

“चालतंय,” मी म्हणालो.

“मग उद्या त्यातला एक गरम करून दे,” ती म्हणाली आणि कुशीवर वळली.